दोरीवरची बॉडी

आमच्या आया ब्रा म्हणत नसत, बॉडी म्हणत. "दोरीवरून माझी बॉडी काढ गं," असं म्हणताना आईचा आवाज खाली यायचा. बाबांचं बनियन, भावाची चड्डी उन्हात फडफडायची. बॉडी मात्र लुगड्याखाली, अंधारात. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळायची नाही. तशीच ओलसर अंगात घालून आई कामाला जायची. मग छातीखाली नायटा. आणि नायट्याला मलम मागायलाही लाज.

हे आज लिहिण्याचं कारण असं की आतल्या कपड्यांचा सध्या उत्सव चाललाय. २०१६ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. अठराव्या शतकापासूनचे दोनशेवर नमुने. जाहिरातींत आता जाड, काळ्या, सुरकुतलेल्या बायाही हसत उभ्या असतात. आपल्या शरीरावर प्रेम करा, म्हणतात. याचं नाव बॉडी पॉझिटिव्हिटी. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, हे भरल्या पोटाचे चोचले. मला ते पटत नाही. आणि तो उत्सवही जसाच्या तसा पटत नाही. मला दोघांशीही भांडायचंय.

आधी उत्सववाल्यांशी. ते गोष्ट अशी सांगतात: पूर्वी बाई कॉर्सेटमध्ये आवळलेली होती, मग ब्रा आली, मग तिनं ब्राही झुगारली, आता ती मोकळी झाली. अंधारातून उजेडाकडं, सरळ रेषेत. पण त्या रेषेवर कोण कोण चाललं? १९१४ साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईला ब्राचं पेटंट मिळालं. दोन हातरुमाल आणि रिबीन घेऊन तिनं ती मोलकरणीच्या मदतीनं शिवली होती. पेटंटवर मोलकरणीचं नाव नाही.

आता ७ सप्टेंबर १९६८ घ्या. अटलांटिक सिटीत मिस अमेरिका स्पर्धेबाहेर बायांनी निदर्शनं केली. ब्रा, गर्डल, उंच टाचांचे बूट कचरापेटीत फेकले. ब्रांची होळी केल्याची दंतकथा त्यातूनच जगभर पसरली. पण त्याच रात्री त्याच शहरात दुसरा एक मंच उभा होता. मिस ब्लॅक अमेरिका. कारण मिस अमेरिकेच्या मंचावर १९७० पर्यंत एकही काळी स्पर्धक पोचली नव्हती. म्हणजे एकीकडं गोऱ्या बाया सुंदरतेचा साज फेकून देत होत्या, आणि दुसरीकडं काळ्या बाया तोच साज चढवून आम्हीही सुंदर आहोत असं सांगत होत्या. यात खरी कोण? दोघीही खऱ्या. दोघींचा प्रश्न एकच होता: माझं शरीर कसं दिसावं हे ठरवणारे तुम्ही कोण?

हे ध्यानात ठेवून आता आपल्या देशात या.

दक्षिणेत त्रावणकोर संस्थान होतं. तिथं नाडार बायांना वरच्या जातीच्या बायांसारखी छाती झाकायला बंदी होती. ख्रिस्ती झालेल्यांना जाकीट घालण्याची परवानगी १८१३-१४ च्या सुमारास मिळाली, पण नायर बायांसारखं वरचं वस्त्र घ्यायचं नाही. १८२९ ला जाहीरनाम्यानं ही मनाई पुन्हा ठोकून सांगितली. बायांनी ऐकलं नाही. भर बाजारात त्यांची वस्त्रं फाडली गेली, १८५८-५९ मध्ये दंगली पेटल्या. २६ जुलै १८५९ ला राजानं छाती झाकायला परवानगी दिली. अट मात्र ठेवली: जाकीट घाला, कोळणींसारखं जाडंभरडं कापड गुंडाळा, वरच्या जातीच्या बायांसारखं नेसू नका. अंग झाकायला हरकत नव्हती. हरकत होती बरोबरीला.

आपण सभेत नंगेलीची गोष्ट सांगतो. ती लोकस्मृती आहे, तशीच सांगावी. तिच्या नावाचा त्या काळचा कागद सापडलेला नाही. पण १८५९ चा जाहीरनामा हा कागदच आहे. तो पाठ करा, कारण तो पुसला जातोय. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा लढा होता. २०१६ मध्ये सीबीएसईनं तो परीक्षेतून काढला, २०१९ मध्ये एनसीईआरटीनं कपड्यांच्या इतिहासाचं अख्खं प्रकरणच वगळलं.

आणि आपला महाड. डिसेंबर १९२७. मनुस्मृती जाळून झाल्यावर बाबासाहेब बायांशी बोलले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यातल्या-हातातल्या जडशीळ दागिन्यांची ओझी, या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, असं त्यांनी सांगितलं. बायांनी तिथल्या तिथं नेसण्याची तऱ्हा बदलली. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) याच्या आधीची कैफियत आहे: महाराच्या सुनेनं लुगड्याचे काठ दिसू द्यायचे नाहीत, निऱ्यांत दडवायचे. चार बोटांचा काठ! त्याचीही भीती होती यांना.

पुरुषांचंही तेच. गांधींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला. बाबासाहेबांनी सूट घातला. ज्याच्याकडं कपडे आहेत त्यानं ते उतरवले तर त्याग होतो. ज्याच्या बापजाद्यांना लंगोटीपलीकडं काही मिळालं नाही त्यानं तीच नेसली तर त्याला त्याग कोण म्हणणार? २०१३ चा कायदा असूनही आजही आपला माणूस गटारात उतरतो तो नुसत्या चड्डीवर. आतल्या कपड्यांच्या कुठल्या म्युझियममध्ये ती चड्डी ठेवणार?

इथपर्यंत सगळे माना डोलावतील. आता आपल्याशी भांडण.

महाडची शिकवण होती, जातीच्या खुणा टाका. आपण तिचं काय केलं? अंग झाकणं हीच इज्जत, असं ठरवून टाकलं. आणि किती झाकायचं हे सांगायला भाऊ, नवरा, कार्यकर्ता उभा. तालुक्याच्या सभेत महाडवर तासभर बोलणारा आमचाच एक जण घरी येऊन बहिणीवर खेकसला, "ते आधी आत टाक, माणसं येणारेत." 'ते' म्हणजे दोरीवरची बॉडी. त्याची चड्डी शेजारीच वाळत होती.

आपल्या साहित्याचंही तसंच. पेशवाईच्या लावणीनं चोळीची गाठ चवीनं रंगवली. तमाशाच्या फडावर ती चोळी घालून नाचणारी बाई महार, मांग, कोल्हाटी. त्या चवीला आपण नकार दिला, बरंच केलं. पण बदल्यात काय दिलं? आपल्या कवितेत बाईचं शरीर येतं ते आई म्हणून, राबणारी म्हणून, अत्याचार झालेली म्हणून. जखम असेल तरच त्या शरीराला ओळीत जागा. दिवसभराचं काम आटोपून न्हाणारी, स्वतःच्या पैशानं आवडीच्या रंगाची ब्रा घेणारी, आरशात बघून स्वतःवर खूश होणारी दलित बाई आपल्या पानांवर क्वचितच दिसते. तिला लिहायला आपण घाबरतो. बामण काय म्हणेल याची भीती आपल्या आत अजून शिल्लक आहे.

म्हणून मला तो उत्सव सगळाच फेकून द्यायचा नाही. त्याचं मूळही बाजारात नव्हतं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला जाड माणसांनी हक्कांसाठी संघटना काढली, तिथून या विचाराला बळ आलं. बाजारानं तो नंतर पळवला. आपल्याला तो परत घेता येईल, पण आपल्या अटीवर. आधी १८५९ सांगा, १९२७ सांगा, मग शरीराचं कौतुक सांगा. झाकायचं की उघडं ठेवायचं, घालायचं की फेकायचं, हे तिचं ती ठरवेल. राजा नाही, कंपनी नाही, आणि दोस्तहो, तुम्हीही नाही.

आई आता थकलीय. कपडे मी वाळत घालते. तिची बॉडी आणि माझी ब्रा, दोन्ही दोरीच्या टोकाला, जिथं ऊन जास्त पडतं तिथं. पहिल्या दिवशी आई पुटपुटली. शेजारीण बघून गेली. पंधरा दिवसांनी शेजारणीच्या दोरीवरही एक दिसली.

आईचा नायटा बरा झालाय.

जयभीम.