गोडसे भटजींची कावड

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातील मराठी वाचकाने विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हाती घेतला, तर तो साहजिकच आपले गाव व शिंदे सरकारची हकीकत शोधील. गोडसे १८५७ साली कर्जफेडीच्या आशेने, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेसाठी वरसईहून निघाले आणि बंडात सापडले. १८८३ साली लिहिलेला हा वृत्तान्त १९०७ साली छापला गेला. तो बहुधा इतिहास म्हणूनच वाचला जातो. आम्हांस ते अपुरे वाटते. (लढायांच्या वर्णनात ऐकीव मजकूरही पुष्कळ आहे.) मिळकत लुटीत गेली, तरी भटजी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले व त्या जलाने मातापित्यांस स्नान घातले. झाशीच्या संहाराची पाने वाचून आलेल्या वाचकास त्या पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडील लेखी साक्षींत ‘माझे जीवन पालटले’ हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात येते. कावड कोठेच दिसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे तसे नव्हे. कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय आपण कसा केला, हे ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात, आणि त्यांचा पालट आम्हांस तेथेच पटतो.