पुरस्कारांच्या रात्री नाटक कुठं असतं?

झी मराठीवरचा ‘नाट्य गौरव’ सोहळा इचलकरंजीत आवडीनं पाहिला जातो, आणि त्याला कारण आहे. व्यावसायिक नाटक बहुधा मुंबईत उघडतं, पुण्या-ठाण्यात चालतं आणि दौऱ्यावर निघालंच तर कोल्हापूर-सांगलीला येतं. आमच्या श्रीमंत ना. बा. घोरपडे नाट्यगृहात त्याचा प्रयोग लागेलच असं नाही. वर्षभरात रंगभूमीवर काय घडलं, हे इथल्या अनेकांना कळतं ते त्या एका रात्री, टीव्हीवर. म्हणून त्या रात्रीकडून माझी अपेक्षा मोठी आहे, आणि तक्रारही.

तक्रार ही की नाटकाच्या सोहळ्यात नाटकच फार थोडं दिसतं. नामांकनं वाचली जाताना काही सेकंदांची दृश्यं सरकतात, विजेता येतो, आभार मानतो. मग सिनेमाच्या गाण्यांवर नाच, मग प्रहसन, मग जाहिराती. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांचे मानकरी झरझर उरकले जातात.

प्राजक्त देशमुख यांचं ‘संगीत देवबाभळी’ घ्या. भद्रकाली प्रॉडक्शन्सनं ते २०१७ मध्ये आणलं आणि त्याच्यावर पुरस्कारांचा वर्षाव झाला. पात्रं दोनच. तुकोबांची आवली, आणि लखूबाई बनून तिच्या घरी राबायला आलेली रखुमाई. आवलीच्या पायात काटा रुतलेला, त्यात ती गरोदर. विठ्ठलावरचा तिचा राग अखंड चालू, आणि ऐकणारी त्याच विठ्ठलाची रुसलेली बायको. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी भांडता भांडता गाऊ लागतात आणि गाता गाता पुन्हा भांडणावर येतात. आनंद ओक यांच्या चालींसाठी संवाद थांबत नाही, तो सुरात पुढे सरकतो. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून चालत आलेलं संगीत नाटक म्हणजे जुन्या पदांची उजळणी, असं मानणाऱ्यांना या नाटकानं खरं उत्तर दिलं. पण ते उत्तर दहा सेकंदांच्या तुकड्यात ऐकू येत नाही. त्याला सलग सात-आठ मिनिटं द्यावी लागतात.

न्यूयॉर्कचे टोनी पुरस्कार १९४७ पासून दिले जातात आणि १९६७ पासून अमेरिकाभर टीव्हीवर दिसतात. तंत्रज्ञांवर अन्याय तिथंही होतो; त्यांचे बरेच पुरस्कार मुख्य प्रक्षेपणाआधीच देऊन टाकतात. मात्र नामांकन मिळालेल्या संगीत नाटकांतली गाणी त्याच नटसंचात, त्याच वेशभूषेत मंचावर सादर होतात. दूरच्या गावातला माणूस ते पाहून ठरवतो की हे नाटक आपल्याकडे आलं की बघायचं. शिवाय मतदारांत दौऱ्याची नाटकं आपापल्या शहरात लावणारे आयोजकही असतात. मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडे प्रयोगाचं कॉन्ट्रॅक्ट घेणारा माणूस नटांची नाइट, टेम्पोचं भाडं आणि तिकीटविक्री यांचा मेळ घालताना मेटाकुटीला येतो. कुठलं नाटक गावोगावी उभं राहतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, पण गौरव ठरवताना त्याला कोण विचारतो?

आपल्याकडेही पूर्वी सुधीर दामले यांचा ‘नाट्यदर्पण रजनी’ हा नाट्यपुरस्कारांचा सोहळा रात्रभर चालायचा. तिथंही मनोरंजन होतंच. फरक एवढाच की रात्र नाटकवाल्यांची होती. वाहिनीला जाहिरातदार सांभाळावे लागतात, हे मी समजू शकतो. प्रायोगिक नाटकासाठी वेगळा विभाग ठेवला, हेही चांगलंच केलं. पण राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रांवर नोकरी-धंदा सांभाळून उभे राहणारे हौशी संघ या कॅमेऱ्याच्या टप्प्यात येतच नाहीत.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, आणि त्याच शतकात ‘इचलकरंजीकर नाटक मंडळी’ आमच्या गावाचं नाव घेऊन नाटकं करत होती. म्हणजे या पट्ट्यातून तेव्हा नाटक बाहेर जायचं. आज बाहेरचं नाटक इथवर पोचणंही अवघड. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं आणि दौऱ्याचं एक हक्काचं ठिकाणच हातचं गेलं. अशा वेळी टीव्हीवरची ती रात्र आमच्यासाठी नुसती करमणूक राहत नाही.

मागणी फार नाही. दोन नाच कमी करावेत आणि सर्वोत्कृष्ट नाटकाच्या नामांकनांतल्या प्रत्येक नाटकाचा एक प्रवेश त्याच्या मूळ नेपथ्यासह, मूळ नटसंचात, मध्ये न कापता दाखवावा. नेपथ्यकाराला त्या प्रवेशानंतर लगेच मंचावर बोलवावं. परीक्षकांनी निदान एक तरी प्रयोग मुंबई-पुण्याबाहेर, दौऱ्यावर पाहावा. तो इचलकरंजीत लावायची जबाबदारी घेणारी माणसं गावात आहेत.