रंग कुठला, पाणी कुठलं?

मे महिन्यात आमच्या गावाकडच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. उथळ हौदात लालचुटूक जाडजूड ओठ, त्यातून पाण्याची धार उडतेय. शेजारी डोक्यावर सोनेरी तुरा मिरवणारा रंगीबेरंगी पक्षी. खाली लिहिलेलं : 'आपल्या जानेफळच्या चौकातही असं काहीतरी पाहिजे.' भराभर अंगठे पडले. मग एकाने लिहिलं, 'आधी नळाला पाणी आणा.' त्यालाही तेवढेच अंगठे. मी दोन्हीकडे अंगठा दिला आणि दिवसभर स्वतःवरच वैतागले. चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या माणसाला यावर एक धड मत असू नये?

फोटो पॅरिसच्या स्त्राविन्स्की कारंज्याचा होता. पॅरिस मी मोबाइलवरच पाहिलंय, तेव्हा जे म्हणते ते व्हिडिओ आणि वाचनाच्या जोरावर. 1983 साली ज्याँ तांगली आणि निकी द सँ फाल या कलावंत जोडप्याने ते घडवलं. एकूण 16 शिल्पं, संगीतकार स्त्राविन्स्कीच्या रचनांवरून सुचलेली. तांगलीची काळी, लोखंडी, यंत्रासारखी. चाकं फिरतात, दांडे हलतात, पाणी कुठेही फेकतात. निकीची गुबगुबीत आणि भडक रंगांची. हौदाच्या पोटात, जमिनीखाली, संगीत संशोधनाची संस्था आहे. छतावर भार नको म्हणून शिल्पं हलकी ठेवावी लागली आणि पाणी उथळ. म्हणजे त्या कारंज्याचं रूप बरंचसं त्याच्या जागेने ठरवलंय.

फोटोत हे दिसत नाही. फोटोत फक्त ओठ दिसतात. रंग बाजूच्या काळ्या लोखंडामुळे खुलतो, हेही फोटोत कापलं गेलेलं असतं. निकीचा पक्षी एकटा उचलून आमच्या चौकात ठेवला, तर तो एखाद्या रिसॉर्टच्या गेटवरचा पक्षी दिसेल.

याच तांगलीचं 1977 चं एक कारंजं स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात आहे. तिथलं जुनं नाट्यगृह पाडलं गेलं. त्याचा रंगमंच होता त्या जागी तांगलीने हौद केला आणि रंगमंचाच्या जुन्या यंत्रसामग्रीचेच तुकडे जोडून पाण्यात नाचणारी पात्रं उभी केली. ज्यांनी त्या नाट्यगृहात नाटकं पाहिली असतील, त्यांना त्या खुळ्या यंत्रांत काहीतरी ओळखीचं दिसलं असणार. मला पॅरिसपेक्षा हे कारंजं जास्त आवडतं. त्यात रंग जवळजवळ नाही, तरीही.

पण नुसत्या व्हिडिओंवर मत बनवायचं नाही, म्हणून मी लोणारला गेले. जानेफळहून मेहकर, तिथून सुलतानपूरवरून एसटीने लोणार. शाळेच्या सहलीत आम्हाला विवर दाखवलं होतं : बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, तळाशी खारं पाणी. या वेळी मी काठावरच्या धारेपाशी थांबले. दगडी गोमुखातून गोड्या पाण्याची धार कुंडात पडते आणि ते पाणी पुढे उतारावरून विवरात जातं. हेही कारंजंच म्हणायचं, फक्त पाणी वर उडण्याऐवजी खाली पडतं.

पायऱ्या उतरावं तसा आवाज वाढत जातो. धारेखाली जायचं तर मान झुकवावी लागते. एक आजी नातवाला पुढे ढकलत होत्या, तो किंचाळत होता, मग त्यालाच बाहेर यायचं नव्हतं. पाऊण तासात तिथे नुसतं बघत उभं राहिलेलं मला कुणी दिसलं नाही. मी वही बॅगेत टाकली आणि डोकं धारेखाली धरलं. पाणी इतकं गार होतं की समीक्षा वगैरे सगळं विसरायला झालं.

रंगाचं म्हणाल तर लोणारलाही रंग येऊन गेलाय. जून 2020 मध्ये, लॉकडाउनमध्ये, सरोवर गुलाबी झालं आणि फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता, त्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. पुढे पाऊस पडला, रंग ओसरला. त्या गुलाबीत पाण्याचा, उन्हाचा, त्या वर्षाचा हिशेब होता. चौकातल्या एलईडी कारंज्यात दर काही सेकंदांनी गुलाबी येतो, तो कशाचा असतो? रिमोटचा.

इथे माझी कसोटी ठरत होती : कारंज्यातला रंग कुठून आला आणि पाणी कुठून आलं, याचं उत्तर त्या जागेने द्यायला हवं. पण मुंबईचं फ्लोरा फाउंटन आठवलं आणि कसोटी डगमगली. 1864 चं बांधकाम, रोमन देवी, इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड दगड, मुळात एका बागेसाठी ठरवलेलं. जागेशी नातं शून्य. तरी ते आज आपलं आहे. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर तिथे गोळ्या चालल्या, माणसं गेली, आणि त्या चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. पुढे रंगाच्या थरांखाली दगड बुजला. डागडुजी करून ते थर काढले आणि 2019 मध्ये पाणी पुन्हा सुरू झालं. म्हणजे जागेशी नातं नंतरही जडतं, पण ते माणसांना जोडावं लागतं आणि सांभाळावंही लागतं.

घरी येऊन मायला पॅरिसचा व्हिडिओ दाखवला. तिने उन्हाळ्यात टँकरमागे धावून घागरी भरल्यात. मला वाटलं, चिडेल. ती हसली. म्हणाली, "हे पाणी वाया जाते का?" मी सांगितलं, तेच तेच फिरतं, उडालं आणि वाफ झालं तेवढंच नवं घालावं लागतं. "मंग असू दे की. पण त्या पोट्ट्यायले हात लावू देतीन का त्याले?"

मला दिवसभर न सापडलेलं मत ते हेच. 'आधी नळाला पाणी' हे बरोबर आहे, पण ते कारंज्याविरुद्धचं म्हणणं नाही. तहानलेल्या मुलखात पाण्याची मौज नको, असं धारेखालच्या त्या नातवाला कोण सांगणार? माझा आक्षेप कॅटलॉगमधून निवडलेल्या, लोखंडी कुंपणातल्या, दोन वर्षांत पंप जळून कोरड्या पडणाऱ्या कारंज्याला आहे. त्यात गाव कुठेच नसतं, आणि हात लावायची सोय तर नसतेच.

तांगलीने रंगमंचाचे तुकडे घेतले. आमच्याकडे काय आहे? कोरड्या गेलेल्या बोअरचे पाइप, जळलेल्या मोटारी, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या. प्रत्येकामागे एका घराचं कर्ज आणि एक उन्हाळा आहे. हे सगळं एखाद्या कलावंताने चौकात उभं केलं, त्यातून पाणी उडवलं, हवा तेवढा भडक रंग दिला, तर येणाराजाणारा थांबेल. मुलं भिजतील. आणि कुणीतरी म्हणेल, तो तिसरा पाइप आमचा.

रात्री ग्रुपवर लोणारच्या धारेचा फोटो टाकला आणि विचारलं, 'बंद बोअरचे पाइप कुणाकडे पडून आहेत?' अंगठा एकही आला नाही. थोड्या वेळाने एका काकांचं उत्तर आलं : 'ट्रॉलीभर आहेत. कधी आणू?'