बर्फ सुटतो, पालवी फुटते

दुर्गा भागवतांची दोन पुस्तकं सहसा एकत्र वाचली जात नाहीत. एक 'ऋतुचक्र' (१९५६), बारा मराठी महिन्यांवरचे बारा ललित लेख. दुसरं 'वॉल्डनकाठी विचारविहार', म्हणजे हेन्री डेव्हिड थोरोच्या 'वॉल्डन'चा (१८५४) मराठी अनुवाद. पहिल्याची चर्चा ललितगद्याच्या इतिहासात होते, दुसऱ्याची नोंद अनुवादांच्या यादीत. ही दोन्ही शेजारी ठेवली की एक प्रश्न उभा राहतो, आणि तो भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. एकाच लेखिकेला मराठीत दोन वसंत सांभाळावे लागले, आणि त्या दोन वसंतांचं एकमेकांशी जवळजवळ काहीच जमत नाही. इंग्रजीतल्या 'स्प्रिंग'ला आपण इतक्या सहजपणे 'वसंत' म्हणतो, की या दोन शब्दांखाली दोन वेगळ्या घटना आहेत याचा विसर पडतो.

'वॉल्डन'मधला वसंत ऐकू येतो. 'स्प्रिंग' हे त्या पुस्तकाचं शेवटून दुसरं प्रकरण. त्यात आधी तळं गरजतं, सकाळच्या उन्हाने बर्फ ताणला जाऊन त्याचा गडगडाट होतो. नदीतला बर्फ काठावर येऊन आदळतो तो आवाज एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने कसा ऐकला, ते थोरो सांगतो. मग तो आकडे देतो. ६ मार्च १८४७ रोजी तळ्याच्या मध्यभागी पाण्याचं तापमान ३२ अंश फॅरनहाइट, काठाजवळ ३३. तळं बर्फातून पूर्ण मोकळं झालं त्या तारखाही आहेत: १८४५मध्ये १ एप्रिल, १८४६मध्ये २५ मार्च, १८५२मध्ये थेट १८ एप्रिल, १८५३मध्ये २३ मार्च. फुलांना या प्रकरणात दुय्यम जागा आहे. खरी घटना पाण्याची आहे: जे बांधलं गेलं होतं ते सुटतं.

दख्खनचा वसंत याच्या नेमका उलट्या बाजूने येतो. इथे वर्षातलं पाणी आटत चाललेलं असतं, विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि त्याच वेळी रंगांची उधळण होते. पळस, पांगारा, काटेसावर पानं गाळून फुलतात. पानं गळाली की त्यांच्यातून उडून जाणारं पाणी वाचतं, आणि मुळांनी खोलवरून ओढलेलं, खोडात साठलेलं पाणी फुलोऱ्याला पुरतं. पिंपळाची आणि कुसुंबाची तांबूस पालवी पावसाच्या दोन-तीन महिने आधी, जमीन भेगाळत असताना फुटते. कोरड्या उष्ण वनांचा अभ्यास करणाऱ्यांनी याचं एक कारण दिवसाच्या लांबीत शोधलं आहे. पावसाचा थेंब नसला तरी दिवस मोठा होऊ लागला की अनेक झाडं पालवतात. म्हणजे कॉन्कर्डचा वसंत ही पाण्याच्या सुटकेची गोष्ट आहे, आणि आपला वसंत ही पाण्याच्या हिशेबाची.

पंचांगाने यात एक गंमत करून ठेवली आहे. थोरोने दिलेल्या तारखा २३ मार्च ते १८ एप्रिल या पट्ट्यात फिरतात. गुढीपाडवाही जवळपास याच पट्ट्यात फिरतो: २०१८ साली तो १८ मार्चला होता, २०२१ साली १३ एप्रिलला. तळ्याची तारीख हवामानामुळे हलते आणि पाडव्याची चंद्रामुळे. पण आठवडे तेच. एकीकडे माणूस तापमापक घेऊन बर्फाच्या कडेला उभा असतो, आणि दुसरीकडे कडुनिंबाचा कोवळा पाला खाऊन लोक उन्हाळ्याची तयारी करतात. पुढच्या काही दिवसांत चैत्रगौर बसते, कैरीची डाळ आणि पन्हं होतं. आपल्या वसंताचं स्वागत कडू आणि आंबट चवीने होतं, आणि त्याचं मुख्य काम अंगातली उष्णता उतरवणं हे असतं. हे चित्र 'स्प्रिंग' या शब्दाच्या आत कुठेच बसत नाही.

मग 'वसंत' या शब्दात काय बसतं? मराठीत तो संस्कृतातून आला आणि येताना मदन, कोकिळ, भ्रमर, आम्रमंजिरी असा सगळा लवाजमा घेऊन आला. शेतात राबणाऱ्या माणसाच्या रोजच्या मराठीत ऋतू तीनच, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. या काळासाठी त्याच्याकडे ऋतूचं नाव नाही, घटनांची नावं आहेत: आंब्याला मोहर आला, शिमगा झाला, चैत्रपालवी फुटली. मला हा मराठीचा तोकडेपणा वाटत नाही. उलट, भाषांतरकाराला उपयोगी पडणारी खरी सामग्री इथेच आहे, कारण थोरोही ऋतूच्या नावापाशी थांबत नाही. तो घटना मोजतो.

रचनेच्या पातळीवर एक साम्य मात्र चकवणारं आहे. कालिदासाच्या नावावर असलेलं 'ऋतुसंहार' ग्रीष्मात सुरू होतं आणि वसंतात संपतं. थोरो वॉल्डनकाठी दोन वर्षं, दोन महिने राहिला, पण पुस्तकात त्याने ती एका वर्षात मुडपली. तेही उन्हाळ्यात सुरू होतं आणि वसंतात शेवटाला येतं. दोघांनी वसंत शेवटी ठेवला, पण कारणं वेगळी आहेत. 'ऋतुसंहारा'त वसंत हा भोगाचा कळस आहे. 'वॉल्डन'मध्ये तो एका लांब, कोंडलेल्या हिवाळ्यानंतरचा पुनर्जन्म आहे, आणि ख्रिस्ती पुनरुत्थानाची छाया त्यावर स्पष्ट पडते. दुर्गाबाई तिसरी वाट घेतात. त्यांचं पुस्तक चैत्रातच सुरू होतं. 'वसंतहृदय चैत्र' या लेखाचं शीर्षक संस्कृत वळणाचं असलं, तरी आत मदनापेक्षा पिंपळाच्या पानाला जास्त मान आहे. आणि त्या पानाशेजारी चक्क घाणेरी येऊन बसते. घाणेरी मूळची अमेरिका खंडातली, बागेसाठी आणलेली आणि माळरानभर पसरलेली. कोणत्याही संस्कृत काव्यात ती असणं शक्य नाही. तिला वसंताच्या दरबारात जागा देणं म्हणजे संकेतापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणं. दुर्गाबाई आणि थोरो यांचं खरं नातं मला या ठिकाणी दिसतं.

नातं असलं तरी अडचण संपत नाही. 'स्प्रिंग' प्रकरणातला सर्वांत अवघड भाग रेल्वेच्या कापलेल्या उतारावरचा आहे. गोठलेली माती सुटते आणि ओली वाळू ओघळताना पानांचे, वेलींचे, फुप्फुसांचे, आतड्यांचे आकार घेते. थोरो त्या आकारांवरून शब्दांकडे जातो. पानाला इंग्रजीत 'लीफ', पाळीसारख्या अवयवाला 'लोब', गोलाला 'ग्लोब'. या शब्दांतली व्यंजनं जिभेवर घोळवत तो म्हणू पाहतो, की झाडावर पान येण्याआधीच ते मातीच्या पोटात होतं. इथे अर्थ व्यंजनांतच आहे. मराठीत 'पान', 'पाळी', 'गोल' असे शब्द मांडले की अर्थ राहतो आणि युक्तिवाद पडतो.

मराठीला तिचं स्वतःचं असं कुटुंब आहे: पल्लव, पालवी, पालवणं, पालव. 'पालव' म्हणजे कोवळी पानं आणि 'पालव' म्हणजे पदरही. हे शब्द वापरले तर थोरोसारखाच ध्वनींचा खेळ मराठीत उभा राहू शकतो. पण तो खेळ आपल्याला दुसरीकडेच घेऊन जातो. थोरोचे शब्द पानाकडून यकृताकडे, मातीकडे, पृथ्वीच्या गोळ्याकडे उतरतात. आपले शब्द पानाकडून वस्त्राकडे, स्त्रीच्या पदराकडे जातात. मराठी आपल्याला चिखलातून उचलते आणि शृंगारात नेऊन सोडते. 'वसंत' या शब्दाचं जे झालं तेच इथे पुन्हा होतं. म्हणून या ठिकाणी मी भाषांतरकाराला इंग्रजी ध्वनी देवनागरीत तसेच ठेवण्याचा सल्ला देईन. वाक्य थोडं खडबडीत होईल, पण वाचकाला निदान योग्य मातीत उभं राहता येईल.

दुसरा मोह आहे 'वाफसा' या शब्दाचा. जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ बसून ती पेरणीजोगी होते, त्या अवस्थेचं हे नाव. सुटलेल्या, ओलसर, श्वास घेणाऱ्या जमिनीसाठी इतका नेमका शब्द इंग्रजीतही नसेल. पण वाफसा आपल्याकडे जूनमध्ये येतो, मृगाच्या पावसानंतर. जमीन उघडणं, बेडकांचा गलका, पेरणीची घाई या सगळ्या दृष्टीने पाहिलं तर कॉन्कर्डच्या वसंताचा खरा मराठी प्रतिरूप चैत्र नाहीच, तो मृग आहे. तरीही एप्रिलमधल्या कॉन्कर्डात 'वाफसा' लिहिला की मराठी वाचकाच्या डोक्यात पावसाळा कोसळतो. शब्द अचूक आणि ऋतू चुकीचा, असा हा पेच आहे.

या पेचातून बाहेर पडताना इंग्रजी-मराठी अशा दोनच खिडक्या पुरत नाहीत. आपल्याच देशात बर्फ सुटण्याचा वसंत आहे. काश्मिरीत त्याला 'सोंथ' म्हणतात. २१ डिसेंबरला सुरू होणारा चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा, आणि पुढे मार्चमध्ये श्रीनगरच्या बादामवारीत बदाम फुलतात. दुसऱ्या टोकाला तमिळ या ऋतूला 'इळवेनिल' म्हणते, म्हणजे कोवळं ऊन किंवा कोवळा उन्हाळा, आणि त्यानंतरच्या ऋतूला 'मुदुवेनिल', पिकलेला उन्हाळा. दख्खनच्या चैत्राला हे नाव 'वसंता'पेक्षा जास्त प्रामाणिकपणे लागू पडतं. बंगालीत वसंत फाल्गुन-चैत्राचा, आपल्या पंचांगात चैत्र-वैशाखाचा. एकच संस्कृत शब्द भारतीय भाषांत पसरला तरी त्याखालचे महिनेसुद्धा जुळत नाहीत. तेव्हा बंगालीतून मराठीत येतानाही 'वसंत'ला 'वसंत' लिहिण्याआधी क्षणभर थांबायला हवं.

शब्दांच्या या नेमकेपणाला आता आणखी एक कारण मिळालं आहे. थोरोने १८५२ ते १८५८ या काळात कॉन्कर्ड परिसरातल्या फुलांच्या पहिल्या बहराच्या नोंदी ठेवल्या. रिचर्ड प्रिमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग या अभ्यासकांनी दीडशे वर्षांनी त्या आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा तिथली फुलं सरासरी सुमारे आठवडाभर आधी फुलू लागल्याचं दिसलं. एका लेखकाची टिपणं हवामानबदलाचा पुरावा झाली. 'ऋतुचक्र'मधून असा पुरावा काढता येणार नाही. त्यात तारखा नाहीत, आणि 'चैत्र' हा महिना स्वतःच जवळपास चार आठवडे मागेपुढे सरकतो. ते पुस्तक नोंदवहीसाठी लिहिलेलं नाही, त्यामुळे हा त्याचा दोष ठरत नाही. पण त्याच्यानंतरच्या आपल्या ऋतुवर्णनपर लेखनाची ही उणीव नक्कीच आहे. दुर्गाबाईंची रसिकता आपण उचलली, आणि त्यांनी ज्याला मराठीत आणलं त्या माणसाची तापमापकाची सवय तिथेच तळ्याकाठी राहिली.

केरळात कणिकोन्ना विशूच्या सणाशी बांधलेला आहे. विशू सौर पंचांगाने येतो, १४-१५ एप्रिलच्या सुमाराला, म्हणून तिथे झाड अवेळी फुललं तर लगेच कळतं. तेच झाड आपल्याकडे बहावा. तो फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो असं लोक म्हणतात. कोणत्या गावात, कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेला बहावा पहिल्यांदा पिवळा झाला हे लिहून ठेवलं, तर ते म्हणणं तपासता येईल. आणि पुढे कधी कुणी आपल्या वसंताचं भाषांतर करायला बसेल, तेव्हा त्याच्या हाताशी एका शब्दाऐवजी एक घटना असेल.