वानवडी : कांहीं स्थलवर्णनांवरील टिपण

पुण्याच्या आग्नेयेकडील वानवडी ह्या उपनगराचीं जीं वर्णनें अलीकडे छापून येतात, त्यांपैकीं कांहीं आम्हीं वाचलीं. सर्वांचा सांगाडा एकच. आधीं ओसाड माळ, मग इंग्रजांची छावणी, मग बंगले व गृहसंस्था. आणि मध्येंच प्रेक्षणीय स्थळ म्हणून शिंद्यांची छत्री. हा क्रम आम्हांस मान्य नाहीं.

इंग्रजांची छावणी ह्या बाजूस पडली ती 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर. महादजी शिंदे 1792 मध्यें उत्तरेंतून पुण्यास आले आणि 12 फेब्रुवारी 1794 रोजीं वानवडीच्या तळावरच वारले. म्हणजे फौजेच्या शेजारानें राहणें ह्या गांवास इंग्रजांच्या आधीं दोन तपें ठाऊक होतें. तळ म्हणजे नुसत्या राहुट्या नव्हेत. बाजार, बुणगे, वैरणीची मागणी आणि उभ्या पिकांत शिरलेलीं जनावरें हें सर्व त्यांत आलें. पुढें 25 ऑक्टोबर 1802 रोजीं यशवंतराव होळकरांनीं पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा हडपसरच्या लढाईंत मोड केला, तोहि शहराच्या ह्याच अंगास. शिंद्यांचा तळ होता म्हणून इंग्रजांनीं ही जागा निवडली, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तेवढ्यास लेखी आधार हवा.

छत्रीविषयींहि सावधगिरी दिसत नाहीं. आवारांतील सर्वच बांधकाम महादजींच्या काळचें समजून अठराव्या शतकाच्या शिल्पाचीं अनुमानें काढलीं जातात. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे 1925 मध्यें वारले. त्यांचें स्मारक ह्याच आवारांत आहे. पाश्चात्य वळणाचें काम पाहून तरी लेखकांनीं थबकावयास हवें होतें.

नांवाच्या व्युत्पत्तीचा मोह तर कोणासच आवरत नाहीं. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. ‘वनवाटिका’ काय, ‘वानरवाटिका’ काय, एका बैठकींत दोन्ही सिद्ध करून दाखवूं! जुन्या कागदांतील लेखन पुढें ठेवल्यावांचून अशा खेळास इतिहासांत जागा नाहीं.

संग्राहकांस एवढेंच विनवितों कीं, ह्या गांवच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांतील मोडी रुमाल कोणाकडे असतील, तर सरदारांचीं पत्रें निवडून बाकीचे रद्दींत घालूं नयेत. वैरणीची यादी, पिकाच्या नुकसानीचा अर्ज, बाजाराचा हिशेब असा एक बंद जरी निघाला, तरी तो प्रथम आम्हांस नकलून घेऊं द्यावा.