ओरेमच्या तक्त्यात सून कुठे बसते?

नर्सिंगमध्ये पीएचडी करते असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "नर्सिंगमध्ये कसली आली थिअरी?" मी त्यावर चिडत नाही, कारण वॉर्डमध्ये नोकरी करताना हा प्रश्न मलाही पडायचा. आज अशाच एका थिअरीबद्दल लिहिते. बी.एस्सी.ला ती सगळे शिकतात, आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत तिची आकृती असते, पण पेशंटच्या खाटेपाशी ती नीट वापरलेली मी क्वचितच पाहिली. ही थिअरी म्हणजे डोरोथिया ओरेम यांचा स्व-काळजीचा सिद्धांत.

ओरेम या अमेरिकन परिचारिका. त्यांचं 'नर्सिंग: कन्सेप्ट्स ऑफ प्रॅक्टिस' हे पुस्तक १९७१ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक माणूस रोज स्वतःची काळजी घेतच असतो. श्वास, पाणी, जेवण, शौच, हालचाल आणि आराम, एकांत आणि सोबत, धोक्यापासून बचाव, चारचौघांसारखं जगणं अशा आठ मूलभूत गरजा त्यांनी मांडल्या. आजारपणात काळजीची गरज वाढते आणि ती घेण्याची ताकद कमी होते. ही तूट पडते तिथे नर्स लागते. बेशुद्ध पेशंटचं सगळं नर्सने करायचं. ऑपरेशननंतर उठून बसायला लागलेल्याचं थोडं त्याने, थोडं तिने. आणि नव्याने इन्शुलिन सुरू झालेल्याला शिकवायचं, धीर द्यायचा.

ही मांडणी मला मनापासून आवडते. डॉक्टरांच्या ऑर्डरी पाळण्यापलीकडे नर्सचं स्वतःचं काम कोणतं, याचं स्पष्ट उत्तर तिच्यात आहे. शिवाय पेशंटला जे जमतं ते त्याचं त्याला करू द्या, हेही ती बजावते. मग अडतं कुठे?

माझा एक अनुभव सांगते. अर्धांगवायूचा पेशंट, उजवी बाजू गेलेली, नाकातून रायल्स ट्यूब. केअर प्लॅनमध्ये मी ओरेमप्रमाणे लिहिलं: 'सर्व काळजी नर्सकडून'. रात्रपाळीला आम्ही दोघी आणि पेशंट चाळीस. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली जायची हे खरं, पण बदलायची त्यांची सून. नळीतून पेजही तीच द्यायची, मी एकदा दाखवलं होतं तसं. सकाळी कागदावर सही माझी.

डिस्चार्जच्या दिवशी मी सगळ्या सूचना मुलाला दिल्या, कारण कागदावर सही तो करत होता. त्याने मान डोलावली. तीन आठवड्यांनी पेशंट परत आले, माकडहाडावर खोल बेडसोअर घेऊन. सून म्हणाली, "सिस्टर, ते कूस बदलायचं दवाखान्यातलं काम वाटलं. घरीपण करायचं असतं, असं मला कुणी सांगितलंच नाही."

खरी काळजी घेणारी बाई चार हातांवर उभी होती आणि माझ्या तक्त्यात तिला जागाच नव्हती. पेशंट आणि नर्स, एवढे दोनच रकाने.

आता ओरेमवर अन्याय नको. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाची काळजी घरातली जबाबदार व्यक्ती घेते, याला त्यांनी सिद्धांतात वेगळं नाव दिलंय, 'अवलंबितांची काळजी'. काळजीवर परिणाम करणारे दहा घटक त्या सांगतात, त्यात कुटुंबही आहे. पण तीन प्रकारांच्या त्या प्रसिद्ध आकृतीत नर्स आणि पेशंट दोघेच दिसतात, आणि आपण उचलली ती नेमकी आकृती. आपल्या वॉर्डला सर्वांत जास्त लागू पडणारा भाग पुस्तकातच राहिला.

माझा ओरेमवरचा खरा आक्षेप वेगळा आहे. या सिद्धांताचा भर माणूस आपल्यापुरतं ठरवतो आणि करतो, यावर आहे. आता मधुमेह असलेली एखादी मावशी डोळ्यांपुढे आणा. इन्शुलिन कधी घ्यायचं, किती वेळात जेवायचं, सगळं तिला तोंडपाठ. पण घरातल्या सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर ती जेवणार, तेही उरलेला भात. आपण केअर प्लॅनमध्ये लिहितो, 'ज्ञानाचा अभाव', आणि तिला पुन्हा तेच शिकवतो. तूट तिच्या डोक्यात नाहीये हो, घरातल्या पंगतीच्या क्रमात आहे!

आपले प्रबंधही इथेच फसतात. आधी प्रश्नावली, मग शिकवणी, मग पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढले की ओरेमचा सिद्धांत उपयुक्त ठरला, असा निष्कर्ष. वाढले ते गुण. मावशी किती वाजता जेवली, हे कुणी विचारलं?

म्हणून माझ्या संशोधनाच्या नोंदपत्रकात मी तिसरा रकाना टाकलाय: 'प्रत्यक्षात कुणी केलं'. भरतीच्या दिवशीच दोन प्रश्न विचारायचे. घरी यांचं कोण करणार? आणि त्या व्यक्तीला काय काय करून दाखवायला हवं? सूचना तिला द्यायच्या, सही कुणाचीही असो.

यात एक धोका आहे, तोही सांगते. 'नातेवाईक आहेतच की' म्हणत नर्सची पदं रिकामी ठेवायला हा रकाना वापरता येईल. म्हणून त्याच्याशेजारी आणखी एक प्रश्न हवा: हे काम खरं कुणाचं होतं? नळी जागेवर आहे का हे न तपासता, पेशंटला आडवं ठेवून पेज सोडली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. ती जोखीम सुनेवर टाकणं म्हणजे कुटुंबाला सामावून घेणं नव्हे. ती आपली कमतरता, आणि ती कागदावर दिसली पाहिजे.

तुम्ही वॉर्डमध्ये काम करत असाल तर उद्या एकाच पेशंटपुरता हा रकाना भरून पाहा. आणि नातेवाईक म्हणून कधी खाटेशेजारी रात्र काढली असेल, तर डिस्चार्जच्या वेळी तुमच्याशी कुणी बोललं होतं का, ते मला नक्की कळवा.