६० दिवसांचं घड्याळ सुरू कोण करतं?

एरवी इथे आपण शोधनिबंध वाचतो. या वेळी वाचायला घेतलाय एक कायदा, अमेरिकेचा 'वॉर पॉवर्स रेझोल्यूशन', १९७३. वाचायची रीत मात्र तीच. शोधनिबंधातला 'पद्धत' हा भाग आपण जसा संशयाने वाचतो, तसाच हाही वाचायचा आणि विचारायचं : यात मोजमाप नेमकं कोण करतंय?

अमेरिकेचाच का? कारण आपल्याकडे टीका करायला असा कायदाच नाही. 'युद्ध आणि शांतता' हा विषय आपल्या संविधानाच्या केंद्र सूचीत आहे, म्हणजे संसद त्यावर कायदा करू शकते. पण परदेशात सैन्य धाडण्याआधी संसदेत मतदान झालंच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. जुलै १९८७ मध्ये करार झाला आणि शांतिसेना श्रीलंकेत गेली. ती पूर्ण परतली मार्च १९९० मध्ये, सुमारे १२०० जवान गमावून.

अमेरिकेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, आणि सरसेनापती राष्ट्राध्यक्ष. व्हिएतनाममध्ये युद्ध कधी पुकारलंच गेलं नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातल्या घटनेनंतर काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना एक मोघम मोकळीक दिली. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. त्या पश्चात्तापातून हा कायदा आला. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, तो दोन तृतीयांश मतांनी मोडून काँग्रेसने ७ नोव्हेंबर १९७३ला कायदा मंजूर केला.

कायदा म्हणतो : सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत काँग्रेसला अहवाल द्या. ६० दिवसांत काँग्रेसने परवानगी दिली नाही तर सैन्य मागे घ्या, माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस. वाचायला झकास वाटतं.

आता गंमत बघा. अहवालाचे प्रकार तीन आहेत, आणि घड्याळ सुरू होतं फक्त पहिल्या प्रकाराने : सैन्य 'होस्टिलिटीज'मध्ये, म्हणजे ढोबळमानाने प्रत्यक्ष लढाईत, उतरलं असेल किंवा उतरण्याच्या बेतात असेल तर. अहवाल लिहिणार राष्ट्राध्यक्ष. मग ते काय करतात? अहवाल 'कायद्याशी सुसंगत' असल्याचं लिहितात, पण तो कोणत्या प्रकारचा ते लिहीतच नाहीत. १९७३ पासून शंभराहून अधिक अहवाल गेले. त्यांत पहिल्या प्रकाराचा स्पष्ट उल्लेख एकदाच झाला, १९७५ मध्ये फोर्ड यांच्या 'मायाग्वेझ' जहाजावरच्या अहवालात. आणि तो पोचेपर्यंत कारवाई संपलेलीही होती!

मसुदा लिहिणारे अगदीच भोळे नव्हते. अहवाल 'दिला' किंवा 'द्यायला हवा होता', यांपैकी जे आधी तिथून दिवस मोजा, असं त्यांनी लिहून ठेवलंय. पण 'द्यायला हवा होता' हे ठरवणार कोण, ते लिहिलेलं नाही. एल साल्वाडोरच्या प्रश्नावर काँग्रेसचे २९ सदस्य कोर्टात गेले, त्याचा निकाल १९८२ मध्ये लागला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं पडलं की, तिथे लढाई चालू आहे की नाही हे तपासायची साधनं आमच्याकडे नाहीत, ते काँग्रेसने ठरवावं. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर उंबरठा ठरवला, पण मापक कुणाकडेच दिला नाही.

याचा कळस लिबियात झाला. १९ मार्च २०११ला हल्ले सुरू झाले, मे महिन्यात ६० दिवस उलटले, विमानं आणि ड्रोन उडतच राहिले. ओबामा प्रशासनाचा युक्तिवाद असा : आपलं पायदळ तिथे नाही, आपलं कुणी मेलेलं नाही, समोरून गोळीबाराची देवाणघेवाण नाही, म्हणून या 'होस्टिलिटीज' नव्हेत. म्हणजे मरणारे फक्त पलीकडचे असतील तर ती लढाई मोजायची नाही. मला हा युक्तिवाद भयंकर वाटतो, आणि तो कायद्याच्या इतिहासालाही धरून नाही. १९७३ला समितीने 'सशस्त्र संघर्ष' हा शब्द काढून 'होस्टिलिटीज' घातला, तो अर्थ अधिक व्यापक व्हावा म्हणून. त्याच शब्दाची व्याख्या दिली नाही, आणि अडतीस वर्षांनी तो आकसून घेतला गेला.

पण 'राष्ट्राध्यक्ष कायदा धाब्यावर बसवतात' ही नेहमीची टीका मला अर्धवट वाटते. २४ जून २०११ला प्रतिनिधिगृहात दोन मतदानं झाली. लिबियातल्या कारवाईला परवानगी द्यायची का? १२३ विरुद्ध २९५, नाही. मग तिचा पैसा तोडायचा का? १८० विरुद्ध २३८, तेही नाही! युद्धावर आपली सही नको आणि ते थांबवल्याचा ठपकाही नको.

बटण काँग्रेसला दाबता येत नाही असं नाही. १९८३ मध्ये लेबनॉनबाबत तिने स्वतः कायदा करून जाहीर केलं की घड्याळ २९ ऑगस्टपासून सुरू झालंय. त्याच कागदात सैन्याला १८ महिन्यांची मुदतही देऊन टाकली. ऑक्टोबर उलटायच्या आत बैरुतमधल्या स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक मेले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या 'चढ्ढा' निकालाने आणखी एक कलम लुळं पाडलं. राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय, साध्या बहुमताने सैन्य परत बोलावण्याची सोय त्यात होती. आता ठराव राष्ट्राध्यक्षांकडे जातो, आणि ज्यांचं युद्ध त्यांच्याच हाती नकाराधिकार. एप्रिल २०१९ मध्ये येमेनच्या ठरावावर ट्रम्प यांनी तो वापरला. तो मोडायला सिनेटमध्ये मतं पडली ५३ विरुद्ध ४५. लागणार होती दोन तृतीयांश.

दुरुस्ती कशी हवी हे तिथल्या काही सिनेटरांना कळलेलं आहे. २०२१ मध्ये मर्फी, ली आणि सँडर्स या तिघांनी एक विधेयक मांडलं : 'होस्टिलिटीज'ची व्याख्या लिहा, ६० चे २० दिवस करा, आणि मुदत संपली की पैसा आपोआप बंद. यातला 'आपोआप' हा शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे कुणी बटण दाबायची वाट बघावी लागत नाही. ते विधेयक मंजूर झालं नाही.